पुढच्या सीटवरची पाटी

स्टार्टर जोरात फिरत होता, पण जुनी पेट्रोल व्हॅन सुरू होत नव्हती.

"शैल्या, येळ जातोय रं," मागच्या सीटवरून रखमा म्हणाली. तिचे पाय सुजून टम्म झाले होते, बोलताना धाप लागत होती. डायलिसिसची मागची पाळी चुकली होती. आजही बोईसरला वेळेवर पोचलं नाही तर काय, हा विचार तिची सून कीर्ती पुढे जाऊ देत नव्हती. नवापुरातल्या सगळ्या रिक्षा हळदीला सातपाटीला गेल्या होत्या. अँब्युलन्स अजून पालघरातच होती.

"बॅटरी बसली," स्टार्टर मारणारा तिचा मुलगा शैलेश म्हणाला.

"मग स्टार्टर एवढा फिरला असता?" कीर्ती म्हणाली. " पेट्रोलचा वासही येतोय. ठिणगीच पडत नाहीये."

"घे, मास्तरीणबाई, गाडीचीच शाळा घे आता!"

पुढच्या सीटवरची बोंबलांची पाटी खाली ठेवून कीर्तीने सीट उचलली. खाली इंजिन. पेट्रोलचा वास उडून जाईपर्यंत थांबणं तिला असह्य झालं, तरी ती थांबली. मग कॉइलची जाड वायर कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरून तिने टोक इंजिनाच्या धातूजवळ नेलं.

"मार."

शैलेशने स्टार्टर मारला. निळी ठिणगी तडतडली. कॉइल ठीक होती. ती वायर परत लावून तिने प्लगची वायर तशीच धरून पाहिली; तिथे मात्र काहीच नाही. ठिणगी मधल्या, ती प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हरवत होती.

तिने त्याचं झाकण उघडलं. आत ओला, पांढरा थर होता. मासळीचा वास आला. तिने वर पाहिलं, सीटच्या फाटक्या शिवणीतून पाणी ठिबकत होतं.

"आई, पाटीतल्या बर्फाचं खारं पाणी आत गेलंय. त्यातून वीज भलतीकडेच पळते."

"पयली पाटी मागं टाकत नाय आमी," रखमा पुटपुटली. हा तिचाच नियम होता: पहिल्या मासळीचा मान पुढच्या सीटचा. आजची पाटी दवाखान्यातल्या सिस्टरांसाठी होती.

कीर्तीने औषधांच्या पिशवीतल्या स्पिरिटच्या पट्ट्यांनी झाकण पुसलं, ओढणीने कोरडं केलं, स्पिरिट उडेपर्यंत पुन्हा थांबली. रखमाची धाप तिला ऐकू येत होती. झाकण, वायर, सीट, सगळं परत जागेवर.

"मार."

इंजिन एकदा अडखळलं, मग सुरू झालं.

शैलेशने सवयीने पाटी पुढच्या सीटवर ठेवायला उचलली.

"शैल्या, अक्कल हाय का?" रखमाने धापा टाकत हात पुढे केले. "हितं दे, माझ्या पायाशी. मान मंग बघू."

व्हॅन बोईसरच्या रस्त्याला लागली. कीर्ती इंजिनही ऐकत होती आणि रखमाचा श्वासही.