कपांना काय तोटा

"या स्टीलच्या पेल्याने ओठ भाजतात गं," सासूबाई पुटपुटल्या, तेही पेल्याच्या आडून.

सुनेने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. आतल्या खोलीत पटावर सोंगट्या वाजत होत्या. टक, टक. त्या वाजत तोवर घर श्वास घेई. थांबल्या की सगळे आतल्या दाराकडे बघत. तिचा नवरा, बुद्धिबळाचा चॅम्पियन, डाव हरून आला की हाताला लागेल ते भिंतीवर आपटे. घरातलं काचेचं, चिनी मातीचं सगळं असंच संपलं होतं. तुकडे झाडताना सासूबाईंचं ठरलेलं वाक्य असे, की एवढं मोठं डोकं, ते तापणारच.

आज समोर बुद्धिबळ संघटनेचे सचिव बसले होते. मागच्या स्पर्धेत चॅम्पियनने गुण मांडणाऱ्या मुलीचा हात पिरगळला होता आणि तिने तक्रार केली होती. माणूस मुळात शांत आहे, एवढं घरच्यांनी सांगावं, की प्रकरण मिटलं, असं सचिवांचं म्हणणं. अशी बुद्धी काय रोज जन्माला येते? आणि ती मुलगीही जरा हळवीच होती.

सुनेने बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. खोटं बोललं तर त्या मुलीचं काय, आणि खरं बोललं तर सचिव गेल्यावर आपलं काय?

"शांतच आहेत," ती म्हणाली. आवाज आपला वाटेना.

सचिव खूश झाले. त्यांनी घोट घेतला, ओठ भाजून घेतला आणि ट्रॉफ्यांनी गच्च भरलेल्या कपाटाकडे बोट दाखवून हसले. "काय वहिनी, चॅम्पियनच्या घरी कपांना काय तोटा? आणि आम्हाला चहा पेल्यात?"

आतली टकटक थांबली. खुर्ची सरकली.

सुनेने सवयीने सासूबाईंकडे पाहिलं. अशा वेळी सारवासारव त्याच करत. कधी मांजराच्या नावावर, कधी हात ओला होता म्हणून. पण सासूबाईंनी पेला खाली ठेवला. दारात चॅम्पियन येऊन उभा राहिला. त्याच्याकडे न बघता त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला.

"कप यानेच फोडले," त्या म्हणाल्या. "फोडायला काही उरलं नाही, तेव्हापासून हिला मारतो."