करड्या कोटाचे दोन रंग

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून सुईबाईंना पंधरा दिवस झाले होते, आणि तेवढ्यात त्यांनी तीनदा पेल्याच्या बाजूला पाणी ओतलं होतं. एक डोळा म्हणे पेला इथे, दुसरा म्हणे तिथे. जिन्याची शेवटची पायरी कधी असायची, कधी नसायची. जुना चष्मा घातला की उजव्या डोळ्याला गरगरायचं, काढला की डाव्यापुढे नुसतं धुकं.

“म्हणून तर डॉक्टर म्हणतात, दुसराही करून टाका,” लेक म्हणाली. “परवा गुरुवारी जागा आहे. ती सोडली तर डॉक्टर रजेवर जातायत. मग दोन महिने असंच आंधळी कोशिंबीर खेळत बस.”

“आणि कोट?”

कोट मोठ्या बाईंच्या नवऱ्याचा. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, कोट पेटीत राहिला आणि कसरीने खाल्ला. छातीवर अंगठ्याएवढं भोक, कोपरांवर दोन लहान. येत्या सोमवारी मुलगा वडील शिकवायचे त्याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू होणार होता, तोच कोट घालून. छातीचा रफू सुईबाईंनी ऑपरेशनच्या आधी चार दिवस खपून केला होता. कोपरं तेवढी राहिली होती. ती काय, दीड दिवसाचं काम.

पण आज सकाळी त्यांनी लेकीचा वाचायचा चष्मा लावून कोट खिडकीशी धरला. राखाडी, निळसर झाक असलेल्या लोकरीत छातीवर एक मातकट ठिपका. जणू कुणी चहाचा थेंब सांडलाय.

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. ठिपका गायब. डाव्यावर ठेवला. ठिपका हजर. असं त्यांनी दहा वेळा केलं असेल.

आता खरं कुणाचं? नवा डोळा पंधरा दिवसांचा, जुना सत्तर वर्षांचा. जुन्याने जन्मभर दोरे निवडून दिले. लग्नाआधी, याच खिडकीशी, सासऱ्यांनी करड्या रंगाची अकरा रिळं पुढ्यात टाकली तेव्हा त्याने न चुकता एकसारखी दोन काढली होती. सासरे म्हणाले होते, पोरगी घरात आणा. त्या डोळ्याला खोटं कसं पाडायचं? आणि नवा खरा असेल, तर छाती उसवून पुन्हा विणायला हवी. चार दिवस. म्हणजे गुरुवार बुडाला.

दुपारी मोठ्या बाई स्वतःच आल्या. त्यांनी कोट नाकाशी नेला, उलटसुलट केला.

“भोक होतं कुठे? सापडतच नाही मला.”

सुईबाईंचा जीव भांड्यात पडला. “बघ,” त्या लेकीला म्हणाल्या.

लेकीने दाराच्या कडीशी चाळा सुरू केला. लहानपणी पेला फोडला की ती हेच करायची.

“काय गं?”

“काही नाही.”

“दिसतो तुला ठिपका?”

“आई, जाऊ दे ना.”

“दिसतो का?”

“दिसतो,” लेक म्हणाली. “आणि आधीचेही दिसायचे. तीनेक वर्षं झाली. एका डॉक्टरांच्या शालीचा, एका वकिलाच्या पँटचा. एक-दोघं परत घेऊन आले होते, मी खालूनच वाटेला लावले. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

सुईबाई रिळांच्या खणाकडे बघत राहिल्या. तीन वर्षं. त्यातलं काय काय शहरभर फिरत असेल, आणि लोक काय म्हणत असतील.

“बाई,” त्या शेवटी म्हणाल्या, “कोट सोमवारी मिळणार नाही. हे उसवायला हवं.”

“चाळीस वर्षांत तुम्ही दिलेला वार कधी चुकवला नाहीत,” मोठ्या बाई जरा तोडूनच म्हणाल्या. “मुलगा वाट बघतोय. मला तर हे अगदी बेमालूम दिसतंय.”

“तुम्हाला दिसतंय. शाळेतली पोरं पहिल्या तासाला बोट दाखवतील त्याच्या छातीकडे.”

मोठ्या बाईंनी कोट लेकीपुढे धरला. “दाखव बघू कुठे ते.” लेकीने बोट ठेवलं. बाईंनी मान तिरकी केली, चष्मा वर केला, खाली केला, कोट खिडकीत नेला.

“इथे?”

“हो, इथेच.”

ठिपका काही त्यांना सापडला नाही. कोट त्यांनी घडी करून सुईबाईंच्या मांडीवर ठेवला. “त्याला सांगते, पुढच्या महिन्यात घाल,” त्या म्हणाल्या, आणि दारातून मागे वळल्या. “त्या दवाखान्याचा फोन नंबर लिहून द्या. मोठ्या अक्षरात.”

बुधवारी सुईबाईंनी कोटातला पहिला मातकट दोरा ओढून काढला आणि लेकीला सांगितलं, उद्या जायचं. बाकीचं डोळा बरा झाल्यावर.

मग त्या उजवा डोळा झाकून खुर्चीत बसून राहिल्या. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्याआडून भिंत मधाच्या रंगाची दिसत होती. नवऱ्याच्या शेवटच्या वर्षी तो समोर बसायचा, तेव्हाही ती अशीच होती, आणि त्याचे केसही तसेच, उन्हात ठेवल्यासारखे. उजव्या डोळ्याला तीच भिंत पांढरी दिसायची, कडेला ओल आलेली.

“अगं,” त्यांनी विचारलं, “बाबांचे केस शेवटी पांढरे होते का?”

लेक भाजी निवडत होती. “शुभ्र,” ती म्हणाली.

सुईबाईंनी हात काढला नाही. अजून थोडा वेळ त्या डाव्याच डोळ्याने समोर बघत बसल्या.