त्सुने आजीचा साचा

मानाहोचा हात आपल्यापेक्षा सरस आहे, हे इकुएला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते सात वर्षं थांबलं नव्हतं. तोक्योहून आलेली, बर्फाचं फावडं कसं धरायचं हेही ठाऊक नसलेली ही पोर! टोपल्यांसाठी रानद्राक्षाच्या वेलीची साल सोलायला इकुएनंच तिला डोंगरावर नेलं होतं. आता तीच पोर साल अशी लीलया वळवायची की इकुएच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आइझूच्या त्या डोंगरगावात बर्फ पडलं की बायका त्सुने आजीकडे टोपल्या विणायला जमत. एके काळी अकराजणी होत्या, आता या दोघीच उरल्या. आजी नव्वदीला टेकलेली, नजर पार गेलेली. जत्रेआधी एकदा टोपल्या तिच्या मांडीवर ठेवायच्या आणि गप्प बसायचं. ती चाचपून ओळखणार, आणि तिनं नाव घेईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी रीत. आजीची बोटं आजवर चुकली नव्हती.

यंदा सरस टोपलीवालीला आजी आपला साचा देणार होती. सासूकडून आलेला, हातांनी काळाभोर झालेला लाकडी ठोकळा. त्याच्याभोवती विणलेली टोपली त्या घरची म्हणून ओळखली जाई. एकतीस वर्षं इकुए त्यावर डोळा ठेवून होती.

आजीनं पहिली टोपली उचलली. काठावरून तिचं बोट दोनदा फिरलं.

"अगं इकुए! इतकी वर्षं सालीचा गळा आवळत होतीस, सैल सोडायला कधी शिकलीस गं? वाळून कशी झकास बसलीय! ही तुझी. साचा तुझा."

टोपली मानाहोची होती.

नाव घेऊन झालं होतं, आता बोलायला बंदी नव्हती. 'आजी, ही माझी नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मानाहो मान खाली घालून बसली होती. आजीचा शब्द ती खोटा पाडणार नाही, हे इकुएला पक्कं ठाऊक होतं. इकुए मूग गिळून बसली.

"आणि मानाहो, ही तुझी," आजीनं इकुएची टोपली चाचपली. "हात अजून ताठ आहे हं, बाळा. इकुएजवळ बस, शीक जरा."

"हो आजी. इकुएसान, सांभाळून घ्या मला."

हा टोमणा असता तर इकुएला बरं वाटलं असतं. पण पोर मनापासून बोलत होती, आणि त्या चांगुलपणाचाच इकुएला सगळ्यात जास्त संताप आला.

साचा घरी आला. नवरा मुळ्याचं लोणचं चावत म्हणाला, "हवं होतं ते मिळालं ना? मग तोंड का असं कुणी मेल्यासारखं?"

"तुम्ही जेवा मुकाट्यानं!"

इकुए विणायची आणि उसवायची. साल सैल सोडली की टोपली बसकण मारायची, ओढली की पुन्हा तोच तिचा जुना हात. तीन आठवड्यांनी तिनं मानाहोची नक्कल करणं सोडून दिलं आणि आपल्या हाताला येईल तशी विणली. टोपली घट्ट झाली, नेटकी झाली. आयुष्यात इतकी चांगली तिला कधी जमली नव्हती. या खेपेला नाव आपलंच, या खात्रीनं ती बर्फातून आजीकडे निघाली.

मानाहो तिथे चहा ओतत होती. आजीनं टोपली बराच वेळ चाचपली.

"साचा मानाहोला वापरायला दिलास होय? बरं केलंस. पोर सुधारलीय बघ! पण तुझी कुठाय? तुझी आण की."

मानाहोच्या हातातली किटली थांबली. "आजी, ती टोपली..."

"तिचीच आहे," इकुए घाईघाईनं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? ही माझी म्हणावं, तर साचा मिळवून देणारी ती आधीची टोपली कुणाची होती ते सांगावं लागलं असतं.

आजीनं टोपली मानाहोच्या हातात दिली. "अगं इकुए, तुझ्याच हाताखाली शिकली ना? शाबासकी दे की तिला."

"शाबास," इकुए म्हणाली.