कार्डावर दोघेच

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ यावं, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. कथा देवादिकांची नाही, आमच्या मसुऱ्याच्या एका माणसाची आहे. कीर्तनात आख्यान ऐकताना शेवटी भक्ताला देव भेटणार हे ठाऊक असतं, म्हणून आपण निवांत रडतो. इथे तसं होणार नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दत्तप्रसादबुवा कीर्तनाला उभे राहिले की मागे पेटीवर मी, म्हणजे लवू, आणि तबल्यावर महादू. अशी आमची अठ्ठावीस वर्षं झाली. बुवांनी उत्तररंगात आवाज खाली आणला, की समईची वात कमी करावी तसा महादू डग्गा खाली आणायचा. बुवांना मागे वळून बघावं लागायचं नाही. घरी त्याची थोडी भातशेती आणि काजूची पन्नासेक झाडं, पण पंचक्रोशीत त्याला ओळखायचे ते बुवांचा महादू म्हणून.

आमच्या मेळात एक नियम होता. तो बुवांच्या वडिलांनी घातलेला. त्या काळी कीर्तन संपलं की यजमान बुवांना आत माजघरात पाटावर बसवायचे आणि साथीदारांना बाहेर पडवीत उरलंसुरलं वाढायचे. एकदा हे थोरल्या बुवांच्या लक्षात आलं. ते भरल्या ताटावरून उठून बाहेर आले आणि तबलजीच्या शेजारी मांडी घालून बसले. तेव्हापासून ठरलं, की मेळ जेवेल तो एका पंगतीत, आणि तिघे बसल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. दत्तप्रसादबुवांनी तो नियम देवपूजेसारखा सांभाळला. इंदूरला एका बड्या घरात महादूचं पान मांडलेलं दिसेना, तेव्हा बुवा हसून यजमानांना म्हणाले होते, माझा एक हात अजून बाहेर आहे, तो आत आला की जेवायला सुरुवात करू.

गेली सहा-सात वर्षं बोलावणी लांबून यायला लागली. बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, एकदा दुबई. जिथे मराठी मंडळ तिथे बुवा. वर्षाला पंचवीस-तीस वेळा विमानात बसणं व्हायचं. तिकिटं मंडळ काढायचं, आणि मंडळाचा खजिनदार कुठलाही असो, तो सगळ्यात स्वस्त तिकीट शोधतो. स्वस्त म्हणजे वाटेत कुठेतरी चार-पाच तास ताटकळणं. लोखंडी खुर्च्या, सतत चाललेल्या घोषणा, आणि दोन घोट चहाला कसालच्या बाजारात दुपारचं जेवण होईल एवढे पैसे. बुवांचा गळा त्या गोंगाटात बसायचा.

बुवांची मुलगी तन्वी बंगळूरला नोकरीला. तिने बापाला बँकेचं एक कार्ड करून दिलं. ते दाखवलं की विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायला मिळायचं. मऊ खुर्च्या, शांतता, हवं तेवढं खाणं. वर्षाची फी भरपूर होती, पण तन्वीचं म्हणणं असं, की जो वर्षात दोनदा विमानात बसतो त्याने हा खर्च करू नये, बाबांना मात्र तो परवडतो, नुसत्या गळ्यासाठी सुद्धा. कसालच्या नाक्यावर यावर आठवडाभर चर्चा झाली. तिथल्या बाबलीने बुवांना टोमणाही मारला, की आता वैराग्याचं आख्यान तुमी मखमलीवर बसान सांगशात. बुवा सगळ्यांबरोबर हसले.

अडचण एकच होती. कार्डावर दोघेच आत जाऊ शकत, बुवा आणि सोबत एक. आम्ही तिघे.

मग बुवांनी पाळी लावली. एका खेपेला महादू आत, दुसऱ्या खेपेला मी. आत जायचं ते चहापुरतं आणि गळ्याला विसावा म्हणून. जेवण मात्र बाहेर येऊन, तिघांनी, घरच्या डब्यातलं. वर्षभर असंच चाललं. आत गरम जेवणाची भांडी ओळीने मांडलेली असायची आणि आम्ही त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायचो. खरं सांगतो, त्या चहाला कसली गोडी यायची ते मला माहीत आहे. बाहेर आपली कुणी वाट बघतंय, ही ती गोडी.

आता महादूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याला साखरेचा आजार होता. जेवणाआधी पोटात सुई टोचून घ्यायचा. त्याची बायको सावित्री निघताना दर वेळी तेच बजावायची, सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. मलाही बजावायची, कारण महादू ऐकणाऱ्यातला नव्हता. मी मान डोलवायचो.

त्या खेपेला आम्ही उत्तरेकडून तीन दिवसांची कीर्तनं करून परत येत होतो. वाटेतल्या एका मोठ्या विमानतळावर साडेअकराला उतरलो. त्याचं नाव घेत नाही, त्या जागेचा काही दोष नाही. पुढचं गोव्यातल्या मोप्याचं विमान चार वाजता. बुवांचा आवाज पार बसला होता. पाळी महादूची होती. पण माझा गुडघा सुजला होता आणि मी खांबाला धरून उभा होतो, ते त्याने बघितलं.

"तू जा रे," तो मला म्हणाला. "तुझो गुडघो बघ कसो झालोहा तो. मी हंयच बसतंय. तुमी इलास काय जेवया."

बुवांनी घड्याळात बघितलं. पाऊण वाजता बाहेर येतो, मग डबा सोडू, असं त्याला सांगितलं. महादूने तबल्याची पिशवी मांडीवर घेतली, सावित्रीच्या हातच्या भाकऱ्यांचा आणि सुक्या बटाट्याच्या भाजीचा डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, आणि आम्हाला हाताने जा म्हणून खूण केली.

आत खुर्च्या इतक्या खोल, की बसल्यावर पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटले. तिथल्या मुलीने सांगितलं, इथे घोषणा होत नाहीत, फोनचा आवाजही बंद ठेवा. मी फोन मुका केला आणि पलीकडच्या भिंतीला चार्जिंगला लावला. मग एक पोरगा समोरून वाफाळता वरणभात घेऊन गेला. बुवांनी तीन दिवस पथ्याची दूध-पोळी खाल्ली होती. ते भांड्यांच्या ओळीपर्यंत गेले, उभे राहिले, माझ्याकडे बघितलं.

"लवू, दोन घास घेऊ गरम," बुवा म्हणाले. "घशाला बरं वाटेल. महादूला सांगायचं नाही. वाईट वाटेल त्याला."

मी नको म्हणायला हवं होतं. मेळात मी वयाने मोठा. पण मलाही वास आला होता. दोन घासांचं ताट झालं, ताटावर गुलाबजाम आले. माझ्या मनात आलं ते एवढंच, की बाहेर गेल्यावर भूक आहेसं दाखवून अर्धी भाकरी खावी लागेल. त्याची सुई माझ्या मनात आली नाही. मी देवावर हात ठेवून सांगेन, आली नाही.

जेवल्यावर बुवांचे डोळे मिटले. तीन दिवसांचा थकवा, ती थंड हवा, ती खुर्ची. पाऊण होऊन गेला होता. बुवांना उठवू नये, गळ्याला झोप बरी, असा मी विचार केला, आणि मलाही डुलकी लागली.

दोन वाजून दहा मिनिटांनी जागा झालो. भिंतीवरचा फोन काढला. महादूचे दोन फोन येऊन गेले होते, एक एक वाजून पाच मिनिटांनी, दुसरा एक वाजून वीस मिनिटांनी.

आम्ही धावत बाहेर आलो. तो होता तिथेच होता. मान छातीवर, दोन्ही हात तबल्याच्या पिशवीभोवती. शेजारची माणसं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती, त्यांना वाटलं असेल म्हातारा झोपलाय. आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. बुवांनी खांद्याला हात लावला तर सदरा घामाने भिजून गार झालेला. हाक मारली, ओ आली नाही.

विमानतळावरच्या दवाखान्यातली डॉक्टर लगेच आली, पोरसवदा मुलगी. बोटातून रक्त काढलं, यंत्रातला आकडा बघितला आणि दंडात साखरेचं पाणी सोडलं. मग गाडी, मग इस्पितळ. खुर्चीवरचा डबा तसाच होता, झाकण घट्ट बसवलेलं, आणि शेजारी वापरलेली सुई. सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडीही होती, सावित्रीने दिलेली, तिची गाठ सुटलेली नव्हती. साखर फार उतरली की आधी समज जाते, हात खिशात घालायचं सुचत नाही, असं डॉक्टर म्हणाली. कदाचित दुसरा फोन त्याने त्याच अवस्थेत केला असेल.

"यांनी सुई वेळेवर घेतली आहे," तिने विचारलं. "डबा भरलेला आहे. मग जेवले का नाहीत?"

  तिला काय सांगायचं, की अठ्ठावीस वर्षांत हा माणूस आमच्याआधी जेवलेला नाही?

तिसऱ्या दिवशी पहाटे महादू गेला. शुद्धीवर आलाच नाही.

त्याला घेऊन आम्ही मसुऱ्यात आलो. अंगणात गाव उभं होतं. बुवांनी आयुष्यभर या गावातल्या प्रत्येक मरणाच्या घरी जाऊन चार शब्द सांगितले आहेत, आणि ते शब्द पोकळ नव्हते, माणसं त्यांच्यावर उभी राहिली आहेत. त्या दिवशी सावित्रीसमोर बसून त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी तीच बोलली.

"जेवले होते काय ते?"

"नाही वहिनी," बुवा म्हणाले. "माझी वाट बघत राहिला."

तिने आम्हा दोघांकडे बघितलं.

"आणि तुमी? तुमी जेवलास?"

 मीच म्हणालो, "जेवलो."

तिने मान हलवली. "बरा झाला," ती म्हणाली. "तुमका तरी उपाशी रवाचा लागूक नाय."

तिने आम्हाला शिव्या घातल्या असत्या, अंगणातून हाकलून दिलं असतं, तर सोसलं असतं. ती हे टोचून बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या घरात हेच शिकवलेलं, आधी सोबत्याच्या पोटाचं बघायचं, आणि शिकवलं होतं ते आमच्या मेळाने.

दोन महिन्यांनी लोकांच्या आग्रहाखातर बुवा देवळात एकदा उभे राहिले. सावंतवाडीहून एक तरुण तबलजी आणला होता, हात चांगला होता त्याचा. बुवांनी नमन म्हटलं, आवाज खाली आणला. तबला त्याच ठेक्यात, तेवढ्याच जोरात पुढे वाजत राहिला. त्या पोराची चूक नव्हती, त्याला काय कळणार. बुवा थांबले.  मग त्यांनी गळ्यातलं उपरणं काढलं, देवाला नमस्कार केला आणि खाली उतरले. त्यानंतर ते कीर्तनाला उभे राहिलेले नाहीत. मीही पेटीचा भाता उघडलेला नाही.

मालवणचा विकी जहाजावर असतो, सारखा विमानाने ये-जा करतो. परवा त्याने मला विचारलं, काका, तुम्ही वापरलंय ते, घेऊ का मी कार्ड? खर्च वसूल होतो का? मी त्याला खोटं सांगितलं नाही. खुर्च्या चांगल्या असतात, जेवण गरम असतं, बाहेरच्या भावात हिशेब केलास तर चार-पाच खेपांत फी सुटते. एकटा जात असशील तर खुशाल घे. सोबत कुणी असेल तर कार्डावर किती जण आत घेतात ते आधी विचार.  त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याने एवढ्याशा प्रश्नाला एवढं गंभीर व्हायचं काय कारण.

तुम्हाला मी ते कारण सांगितलं. माझी आणि बुवांची काय ती झडती देव घेईल, तुम्ही तिच्यात पडू नका. एवढंच मागणं आहे, की उद्या देवापुढे हात जोडाल तेव्हा मसुऱ्याच्या महादू तबलजीचं नाव एकदा घ्या. आम्ही घेतो, पण आमच्या तोंडून ते त्याला कितपत पोचतं, कळत नाही. तुमच्या तोंडून पोचेल.