कोच रिडलींचा सत्कार

मराठी मंडळाच्या चारुदत्तचा फोन आला तेव्हा मी परीक्षितच्या पोळीचे तुकडे करत होते. वीस वर्षांचा घोडा, पण उजवं कोपर पट्ट्यात. एका हाताने त्याला पोळी तोडता येत नव्हती.

“वहिनी, यंदा मंडळाच्या गणपतीत कोच रिडलींचा सत्कार करतोय. औक्षण तुम्ही करायचं, आपल्या पिचरची आई म्हणून!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डेल रिडली २००१ साली अमेरिकेतल्या आमच्या या गावच्या कॉलेजात आला तेव्हा बेसबॉलच्या टीमला कुत्रं विचारत नव्हतं. सहा वर्षांत त्याने दोनदा विजेतेपद आणलं. पेपरात फोटो, नवं स्टेडियम, जिकडेतिकडे कोच, कोच. आणि ही सगळी कीर्ती कोणाच्या जिवावर? पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोराच्या हाताला मॅचनंतर चार-पाच दिवस विश्रांती लागते, हे क्रिकेटवर वाढलेल्या मलाही कळतं. या बाबाने मे महिन्यात परीक्षितला लागोपाठ दोन दिवस पिचिंग करायला लावलं. फायनल जिंकली आणि कोपरातला लिगामेंट तुटला. आता पुन्हा पिचिंग नाही, असं ऑपरेशननंतर सर्जनने स्वच्छ सांगितलं. पोरगं त्या दिवसापासून हसलेलं नाही.

“मी नाही ओवाळणार त्या माणसाला,” मी यतीनला म्हणाले. माझा नवरा नागपूरचा फास्ट बोलर, रणजीच्या टीममध्ये नाव येता येता राहिलेला.

“तमाशा करू नकोस, यार. खेळात इंजरी होतेच.”

“त्याचं कोपर एप्रिलपासून दुखत होतं!”

“मीच नेलं ना डॉक्टरकडे? रिपोर्टचा फोन मीच घेतला. नुसता स्नायू आखडला होता. पुढचं कोणाला माहीत?”

मी गेले. ओवाळायला नाही, सगळ्या मंडळासमोर त्या कोचला जाब विचारायला.

गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये खरी ज्योत चालत नाही, म्हणून निरांजनात बॅटरीचा दिवा होता. ताट माझ्या हातात देऊन चारुदत्तने मला स्टेजवर उभं केलं. कोचच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. परीक्षित आणि यतीन पहिल्या रांगेत. कोच माइकवर बोलायला लागला.

त्याने यतीनकडे बोट दाखवलं. म्हणाला, हा सत्कार खरं तर या माणसाचा आहे. डॉक्टरने सांगितलं होतं की लिगामेंट थोडा फाटलाय, मुलाला सीझनभर बसवा. दुसऱ्या कोणी बापाने मुलाला घरी नेलं असतं. यतीन माझ्या ऑफिसात आला, रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, कोच, प्ले हिम.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी “शाब्बास, यतीनराव!” म्हणालं. लोकांना लाज वाटू नये?

“आणि तुम्ही खेळवलंत?” मी कोचला इंग्रजीत विचारलं. माइक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “रिपोर्ट वाचून?”

तो गोंधळला. “मॅम, वी नीडेड दॅट गेम.”

टाळ्या थांबल्या. परीक्षित उठला होता. कोचकडे बघतही नव्हता.

“डॅड, यू टोल्ड मी इट वॉज जस्ट अ स्ट्रेन.”

“अरे, ऐक. एकदा चॅम्पियन झालास की जन्मभर... मला कोणी असा चान्स दिला नव्हता रे.”

“आय आस्क्ड यू. त्या दिवशी सकाळी. आय आस्क्ड यू, इज इट सेफ.”

यतीनने मान खाली घातली. चार महिने मी एका परक्या माणसाला शिव्या घालत होते आणि हा शेजारी बसून जेवत होता. माझ्या हातचं!

“वहिनी,” चारुदत्त हळूच म्हणाला, “औक्षण तेवढं उरकून घेऊ या का?”

मी ताट त्याच्याच हातात दिलं.

“तुम्हीच ओवाळा,” मी म्हटलं. “यतीनलाही वर बोलवा. दोघं जिंकलेत.”

आणि मी परीक्षितला घेऊन बाहेर पडले.