माइक चालू राहिला

कॉलेज सांभाळून ती चौथीतल्या एका मुलीला ऑनलाइन गणित शिकवायची. काल पाव-पाऊण शिकवून गणित घातलं आणि माइक बंद करायचाच राहिला. मागून सुतारकाम करणारे बाबा खेकसले, "अगं, पोरीचं डोकं कशाला खातेस? फळी कापून दाखव की!"

आज मुलीच्या आईचा मेसेज आला, "काल मागून कोण ओरडलं?"

तिला वाटलं, शिकवणी गेलीच म्हणायची! तिनं बिचकत लिहिलं, "माझे बाबा. सुतार आहेत."

"पोरगी तेव्हापासून पुठ्ठे कापून पाव-पाऊण करतेय. उद्या त्यांनाही बसवा."

तिनं लगेच बाबांना मेसेज वाचून दाखवला.

"मला नाही जमायचं असलं काही," म्हणत बाबांनी आजच केस विंचरले आणि कानामागची पेन्सिल नीट खोचली.