खालून वाचायची यादी

नवा ड्रायव्हर अकराच्या सुमारास गोदामात परत आला तो डोक्यात राख घालूनच. हातातली चिठ्ठी नाचवत तो मुकादमाच्या अंगावर आला. "अहो, यादी आहे का चेष्टा? वरचं नाव बघून थेट शहराच्या टोकाला गेलो, तर त्या दुकानाचा माल सगळ्यात आत, पार केबिनला चिकटून! अर्धा ट्रक रस्त्यावर उतरवला मी."

हमाल खो खो हसले. मुकादमाची चिठ्ठी खालून वाचायची असते हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं. ट्रकमध्ये जे आधी भरतात ते शेवटी निघतं, म्हणून शेवटच्या दुकानाचं नाव वर आणि पहिल्याचं तळाला. हमालांनी वरून वाचत भरायचं, ड्रायव्हरने खालून वाचत उतरवायचं. सव्वीस वर्षं हा माणूस असाच लिहीत होता. घरी सामानाची यादीसुद्धा अशीच, आणि बायको-मुलगी ती मुकाट्याने खालून वाचत. त्या घरात कुणी कधी आकडे घालायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

"अरे बाबा, पहिलं नाव तळाला असतं," मुकादम समजावू लागला, "वरचं म्हणजे शेवटचं..." आणि वाक्य अर्ध्यात सोडून तो तसाच उभा राहिला. शर्टाच्या खिशात मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या कालच्या अर्जाची पावती होती. ती काढून त्याने उलगडली.

पावतीवर पसंतीक्रमात एक नंबरला कोपऱ्यावरचं कॉलेज होतं.

हे कोपऱ्यावरचं कॉलेज म्हणजे घरापासून दहा मिनिटांवर, आणि श्वास घेता येतो एवढ्या गुणवत्तेवर तिथे प्रवेश मिळतो अशी त्याची ख्याती. मुलीने ते यादीत घेतलं होतं ते अगदी शेवटी, कुठेच काही जमलं नाही तर असू दे म्हणून. पोरीला गुण चोपन्न टक्के. नापास नाही म्हणून रडता येत नाही, हुशार नाही म्हणून मिरवता येत नाही, असे हे गुण. नातेवाईक "चोपन्न का, छान छान" म्हणून लगेच हवापाण्याबद्दल बोलायला लागत. पण पोरगी चिवट. प्रवेशाची एकशे चाळीस पानी पुस्तिका तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली, जी हुशार मुलं पाच पानांपलीकडे उघडत नाहीत. आणि एकशे बाराव्या पानावर तिला तो अभ्यासक्रम सापडला. कृत्रिम हातपाय बनवण्याचा. जागा वीस, गेल्या वर्षीचा शेवटचा प्रवेश त्रेपन्न टक्क्यांना. फारसं कुणाला माहीतच नव्हतं म्हणून.

गोदामात करकर काका म्हणून एक हमाल होता. पेट्यांची रास कोसळून त्याचा पाय घोट्याखाली गेला, त्या जागी आता बसवलेला पाय होता आणि चालताना तो करकरायचा. पोरगी आठवीत असताना तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यात बसवला, तेव्हा चार महिने तो पाय गप्प होता. त्या चार महिन्यांत करकर काका नुसता येरझाऱ्या घालायचा, हौस म्हणून. पोरीच्या डोक्यात ते घर करून बसलं असावं. तिला दुसरं काही नको होतं.

अर्ज भरायच्या नेमक्या आठवड्यात तिला कांजिण्या आल्या. अंथरुणात पडून तिने नावं सांगितली, बाबांनी ती कागदावर उतरवली आणि केंद्रावर तिच्या सहीच्या पत्रासह तेच अर्ज भरून आले. तिने सांगितलेलं पहिलं नाव त्यांनी सवयीने तळाला लिहिलं, आणि तिनेही कागद खालून वाचून सवयीने मान डोलावली. खिडकीवरच्या बाईंनी मात्र तो जगातल्या इतर माणसांसारखा वरून वाचला. टाइप झाल्यावर त्यांनी काहीतरी वाचूनही दाखवलं होतं, आणि मुकादम हो म्हणाला होता. त्या 'हो'कडे तूर्त बघायची त्याची तयारी नव्हती.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की बाकीची नावं आपोआप बाद, हा नियम. म्हणजे पोरगी कोपऱ्यावर अडकणार ही काळ्या दगडावरची रेघ. पावतीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुरुस्ती एकदाच, आज चार वाजेपर्यंत.

"माझा ट्रक बघ," असं करकर काकाला सांगून तो निघाला. कुठे, का, काही बोलला नाही. केंद्रापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा, तो त्याला संपता संपेना. पोरीला कळायच्या आत सगळं निस्तरायचं, एवढंच डोक्यात. केंद्राच्या दारातच रांग लागली होती. माणसं, फायली, पंखा एकच. पुढचा माणूस एक पाऊल सरकला की हा दीड पाऊल सरकायचा आणि त्याच्या टाचेवर पाय द्यायचा. खिडकी आली तेव्हा दोन वाजून गेले होते.

बाईंनी पावती पाहिली. "अर्ज भरायला पालक चालतात. बदलायला उमेदवारच लागतो. माझ्यासमोर सही."

"तिला कांजिण्या आल्यात हो. मी बाप आहे तिचा."

"बाप असा नाहीतर आजोबा असा, सही तिचीच. चारला सिस्टिम बंद होते, मग मलाही काही करता येत नाही."

मुकादम बाहेर येऊन पायरीवर बसला, लगेच उठला, परत बसला. फोन काढला, नंबर लावला, कापला. न सांगता भागलं असतं तर त्याने आयुष्यभर सांगितलं नसतं, हे त्याचं त्याला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. शेवटी त्याने फोन केला.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "तिला उठव. तोंडाला ओढणी गुंडाळ आणि रिक्षाने इकडे घेऊन ये. अर्ज उलटा गेलाय."

"उलटा म्हणजे?"

"माझ्या पद्धतीने गेलाय."

सव्वीस वर्षं खालून याद्या वाचणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही. "अहो, काय माणूस आहात तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

रिक्षा आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. पोरगी उतरली. अंगावरच्या फोडांनी आता खपल्या धरल्या होत्या, डोळे तेवढे ओढणीबाहेर. तिने बाबांकडे पाहिलं नाही, सरळ आत गेली. रांग अजून पंचवीस माणसांची. आई दारातच म्हणाली, "जरा वाट द्या हो, कांजिण्या आहेत हिला." आणि काय सांगावं, जी माणसं तीन तास एकमेकांना इंचभर जागा देत नव्हती ती दोन्ही भिंतींना पाठ लावून उभी राहिली. एक गृहस्थ तर फाइल तोंडावर धरून खिडकीबाहेरच बघू लागले. पोरगी मधून चालत गेली. एरवी तिला हसू आलं असतं.

"या, मला लहानपणीच होऊन गेल्यात," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या आणि अर्ज उघडला. मग मुकादमाला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण काल मी यांना विचारलं होतं. एक नंबरला कोपऱ्यावरचं कॉलेज, बरोबर ना, असं मोठ्याने वाचलं. हे हो म्हणाले."

पोरीने आता वळून पाहिलं. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही?"

ऐकू आलं नाही, गोंधळ होता, पंख्याचा आवाज होता. सगळी उत्तरं तयार होती आणि सगळी पटण्यासारखी होती. मुकादमाने घसा साफ केला.

"आलं होतं," तो म्हणाला. "क्षणभर वाटलंही की काहीतरी चुकतंय. पण तुझं ते कॉलेज नऊ तासांवर आहे. हे दहा मिनिटांवर. बाई विचारत होत्या आणि मला बरं वाटलं, म्हणून हो म्हणालो. घरी येईपर्यंत मी तो विचार गिळून टाकला होता. यादी उलटी गेली ती सवयीने. हो मात्र मी म्हणालो."

आईने पदर तोंडाला लावला. पोरीने कोपर खाजवलं, मग ते खाजवायचं नाही हे आठवून हात मागे घेतला. घड्याळात पावणेचार होत होते.

"नवीन क्रम सांग," बाई म्हणाल्या.

तिने सांगायला सुरुवात केली. कागद तिला लागलाच नाही. एक नंबरला कृत्रिम हातपायांचं, मग बाकीची एकामागून एक, आवाज न चढवता. सात नावं झाली. आठव्यापाशी ती थांबली.

"आठवं कोपऱ्यावरचं ना?" बाईंनी विचारलं.

"ते काढून टाका."

"अगं, चोपन्न टक्के आहेत तुला. वरच्या सातांत कुठेच नाही लागलं तर वर्ष जाईल. खाली एखादं खात्रीचं ठेवावं." बाईंनी मुकादमाकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा तिला."

मुकादमाचं तोंड उघडलं. बाई म्हणत होत्या ते सोळा आणे खरं होतं. केबिनला टेकून भरलेला जड माल सगळा ट्रक सावरून धरतो, तो काढला तर बाकीचं हिंदकळतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आज त्याच्या तोंडून शहाणपण निघालं काय आणि स्वार्थ निघाला काय, पोरीला दोन्ही सारखंच ऐकू येणार होतं. तशी वेळ त्याने स्वतःच आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा मुलीला खरा सल्ला द्यायचा होता आणि तो द्यायचा हक्क काल याच खिडकीवर त्याच्या हातून गेला होता. फार वाईट वाटलं त्याला.

"मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं करा."

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. मागे रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी वेळ सांगितली. नऊ मिनिटं राहिली होती, मग आठ.

"राहू दे," ती शेवटी बाईंना म्हणाली. "पण आठ नंबरला. वरून मोजून आठ."

बाईंनी सगळं वाचून दाखवलं. "बरोबर ना?" या वेळी मुकादमाने ओठ घट्ट मिटले होते. हो म्हणाली ती पोरगी. तिने सही केली, छापील पावती घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. रिक्षात ती आईच्या पलीकडे बसली. घर येईपर्यंत बाबांशी एक अक्षर बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

प्रवेशाची यादी गुरुवारी लागली. मुकादम गोदामात होता, पेट्या चुकीच्या मोजत होता आणि हमाल त्याला सांभाळून घेत होते. फोन वाजला. एक नंबरचं मिळालं होतं. यंदाचा शेवटचा प्रवेश चोपन्नलाच थांबला होता.

"माझ्यापाशीच थांबला, बाबा," ती म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा बोलत होती.

त्याने करकर काकाला सांगितलं. काका करकरत गोदामभर फिरला आणि येईल त्याला, ड्रायव्हरलाही, "माझी डॉक्टरीण" म्हणून सांगत सुटला. ती डॉक्टरीण होणार नाही हे कुणी त्याला पटवून देऊ शकलं नाही. मुकादम ट्रकमागे जाऊन उभा राहिला. आनंद झाला होता, आणि छातीत दगड ठेवल्यासारखंही झालं होतं. दोन्ही एकदम होतं हे त्याला माहीत नव्हतं.

निघायच्या सकाळी ट्रंक भरायची होती. "यादी तुम्हीच करा," पोरीने कागद-पेन त्याच्यासमोर आणून ठेवलं. "तुमच्या पद्धतीने. तिथे गेल्यावर काय आधी लागेल ते ट्रंकेत वरच यायला हवं."

त्याने लिहिलं. हिवाळ्याचे कपडे वर, मग पुस्तकं, मग चादर, टॉवेल, चप्पल. लिहून झाल्यावरही पेन खाली ठेवलं नाही. तळाला बोटभर जागा उरली होती. तिथे त्याने आणखी तीन शब्द लिहिले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

पोरीने यादी हातात घेतली आणि घरच्या रिवाजाप्रमाणे खालून वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीवर ती अडकली. 'पोचल्याबरोबर बाबांना फोन.'

"हे ट्रंकेत कुठे ठेवू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कागदाची घडी घालून पर्समध्ये, हाताला लागेल अशी, ठेवली.